माशी नेमकी कुठं शिंकते?

आमच्या घरी एक रीत होती. कुणी बाहेर पडायला निघालं आणि तेवढ्यात शिंक ऐकू आली, की चपला काढायच्या, आत येऊन टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. मी सात-आठ वर्षांचा झालो तशी ही रीत मोडीत निघाली. सकाळी डोळे उघडल्यापासून आंघोळ होईपर्यंत माझ्या शिंका चालूच. आजोबांनी दोन दिवस नेम पाळला, तिसऱ्या दिवशी त्यांची एसटी चुकली. त्या संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "याची शिंक धरायची नाही." धाकटी बहीण पांघरुणात पडल्या पडल्या मोजायची. तिच्या हिशेबाने विक्रम एकवीस शिंकांचा आहे, एका दमात.

घरात याचं नाव 'सकाळची सर्दी'. कारणं तयारच असायची: प्रकृती नाजूक, रात्री भात खाल्ला, केळं खाल्लं, डोकं नीट पुसलं नाही. दही बंद झालं, सीताफळ बंद झालं, शिंका काही बंद झाल्या नाहीत. सव्विसाव्या वर्षी पुण्यातल्या एका कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी नाकात बॅटरी मारायच्या आधी मला तीन गोष्टी विचारल्या. शिंका किती वाजता येतात? कुठं असताना येतात? आणि खाज कुठं कुठं सुटते? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "छोटी वही करा आणि महिनाभर एवढंच लिहून आणा," म्हणाल्या. नाकाच्या ॲलर्जीबद्दल मला जे थोडंफार नीट कळलं, ते त्या वहीपासून.

नाकात होतं काय?

नाक म्हणजे काही हवा आत नेणारी नुसती नळी नाही. दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा ते गाळतं, गरम करतं, ओलसर करतं आणि मग खाली फुप्फुसांकडे सोडतं. त्यामुळे आत जे काही उडत येतं त्याची पहिली गाठ नाकाच्या अस्तराशी पडते. धूळ येते, परागकण येतात, बुरशीचे कण येतात. बहुतेकांचं नाक हे सगळं शेंबडात गुंडाळून मागे ढकलतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ॲलर्जीवाल्या नाकाचं काय बिघडतं, हे सोसायटीच्या वॉचमनवरून कळेल. समजा, एके रात्री वॉचमनला दूधवाला चोर वाटला. त्याने त्याचा फोटो काढला, प्रती छापल्या आणि प्रत्येक गेटवरच्या माणसाच्या हातात एकेक प्रत आणि एकेक शिट्टी दिली. त्या दिवशी काहीच घडलं नाही. दूधवाला दूध देऊन गेला. पण दुसऱ्यांदा तो आला, कुणीतरी फोटोशी चेहरा ताडून पाहिला आणि सगळ्या गेटांवरून एकदम शिट्ट्या सुरू झाल्या.

फोटो म्हणजे आयजीई नावाची प्रतिपिंडं. ती सापडली १९६० च्या दशकात. अमेरिकेत काम करणारं इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधले संशोधक, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी ती शोधली. गेटवरची माणसं म्हणजे नाकाच्या अस्तरात बसलेल्या मास्ट पेशी. आणि शिट्टी म्हणजे हिस्टमिन. हिस्टमिन सुटलं की मिनिटाभरात मज्जातंतू चाळवतात, खाज सुटते, सटासट शिंका येतात, ग्रंथी पाणी सोडू लागतात आणि नळ गळावा तसं नाक गळतं.

"कालपर्यंत तर मला काही होत नव्हतं" असं लोक म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. फोटो काढण्याचा काळ शांततेत जातो, काही वेळा वर्षानुवर्षं. पंचविशीत, तिशीत पहिल्यांदा त्रास सुरू झालेली माणसं कितीतरी आहेत.

शिट्ट्या थांबल्या तरी गोष्ट तिथं संपत नाही. शिट्टीच्या आवाजाने बाहेरून आणखी कुमक येते. काही तासांनी नाकाच्या अस्तरात इतर पेशी गोळा होतात आणि सूज चढते. सकाळी गळणारं नाक संध्याकाळी चोंदतं ते यामुळे. असं रोज होत राहिलं की अस्तर चिडकं होतं. मग आठवड्याभराने तेवढ्याच शिंका यायला पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी धूळ पुरते. शिंकांवर एक औषध चालतं आणि चोंदण्यावर दुसरंच का चालतं, याचं उत्तर या दुसऱ्या अंकात आहे. तिकडे पुढे येतोच.

'ॲलर्जी' हा शब्द तसा फार जुना नाही. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो १९०६ मध्ये घडवला. आजार मात्र त्याआधीच लिहून ठेवलेला होता. १८१९ मध्ये लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टराने दर उन्हाळ्यात डोळे-नाक वाहणाऱ्या एका रुग्णाची हकिगत मांडली, आणि तो रुग्ण तो स्वतःच होता.

सर्दी, की हे?

विषाणूची सर्दी येते आणि जाते. अंग मोडून येतं, घसा दुखतो, कधी कणकण असते, आणि आठ-दहा दिवसांत माणूस मोकळा होतो. ॲलर्जीत ताप नसतो. पाणी पातळ आणि स्वच्छ असतं, शिंका एकामागून एक रांगेने येतात, आणि मुख्य म्हणजे खाज असते: नाकात, डोळ्यांच्या कोपऱ्यात, कानाच्या आत, टाळ्याला. जिभेने टाळू खाजवताना 'खर्र' असा आवाज काढणारं मूल तुमच्या ओळखीत असेल. ते वाह्यात नाही, त्याला खाज सुटलीय. तळहाताने नाकाचं टोक वर ढकलायची सवय लागलेल्या मुलांच्या नाकावर आडवी घडी पडते, डोळ्यांखाली काळपटपणा येतो. वर्गातल्या बाई म्हणतात लक्ष नाही, आई म्हणते रात्रभर तोंड उघडं टाकून झोपतो. दोन्ही तक्रारींचं मूळ नाकात असू शकतं.

इथंच आपल्याकडचं एक लाडकं निदानही उरकून घेऊ: 'नाकाचं हाड वाढलंय.' दोन नाकपुड्यांमधला पडदा थोडा वाकडा असणं ही अगदी सर्रास आढळणारी गोष्ट आहे आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो. ॲलर्जीत सुजतात ते नाकाच्या आतले, बाजूच्या भिंतीवरचे मांसल वळसे. आरशात टॉर्च मारून पाहिलं तर ते गुलाबी-फिकट गोळे दिसतात आणि लोक घाबरतात, 'मांस वाढलंय' म्हणतात. वाकड्या पडद्याचं ऑपरेशन काहींना खरंच लागतं. पण त्याने वॉचमनच्या हातातला फोटो फाटत नाही. मूळ ॲलर्जी आवरण्याआधी टेबलावर चढलेले आणि वर्षभरात पुन्हा शिंकायला लागलेले दोन जण तर माझ्याच ऑफिसात आहेत.

आणखी एक. आलटून पालटून एकच नाकपुडी बंद वाटत असेल तर ते आजाराचं लक्षण असेलच असं नाही. निरोगी माणसातही दर काही तासांनी एक बाजू थोडी सुजते, दुसरी मोकळी होते. आपल्याकडच्या स्वरयोगवाल्यांनी हे चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून केव्हाच हेरलेलं होतं. ॲलर्जीत मुळातच सूज असल्याने ही पाळी जास्त जाणवते, एवढंच.

माझी वही काय म्हणाली

महिन्याभरात पानांवर एक ठसा उमटला. सकाळी सहा ते साडेसात, अंथरुणात किंवा अंथरूण घडी घालताना. दुसरी जागा, पुस्तकांचं कपाट. तिसरी, कोकणात मामाकडे गेल्यावर पहिल्याच रात्री, कडी-कोयंड्यापर्यंत ओल चढलेल्या माजघरात. ऑफिसात जवळजवळ काही नाही. डॉक्टर बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "गादी."

गादीत, उशीत, गोधडीत धुळीतले किडे राहतात. पाव-एक मिलिमीटरचे, डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत, आजार पसरवत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर त्यांचा उदरनिर्वाह चालतो. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीत मुख्य गुन्हेगार हेच, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्रास किड्यापेक्षा त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा होतो. ते कण जड असतात, एरवी खाली बसून राहतात. आपण कूस बदलली, चादर झटकली, की उडतात, आणि तेव्हा आपलं नाक बरोबर तिथंच असतं.

या किड्यांना पाणी पिता येत नाही, हवेतला दमटपणा ते अंगात शोषून घेतात. हवेतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली तर ते सुकून मरतात. म्हणून मुंबई-कोकणात त्यांची चंगळ असते, आणि विदर्भातला भर उन्हाळा त्यांना मानवत नाही. उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकायची आपली पद्धत म्हणूनच शहाणपणाची होती. फक्त उन्हाने किडा मरतो, त्याने मागे ठेवलेला ऐवज तसाच राहतो. तो काढायला झटकणं आणि धुणं लागतं, आणि ते काम ज्याला ॲलर्जी आहे त्याने करायचं नाही. हे घरात पटवून देणं हा उपचारातला सगळ्यात अवघड भाग आहे, असं माझं मत.

मी काय केलं? गादी आणि उशीला घट्ट विणीचे, चेन असलेले अभ्रे घातले. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात. साठ अंशांच्या आसपास पाणी असलं तर किडेही मरतात. खोलीतला जाड गालिचा उचलला. केरसुणीने झाडणं बंद करून ओल्या फडक्याने पुसणं सुरू केलं. आजीची लुगड्यांची गोधडी मात्र सोडवेना. ती दर पंधरा दिवसांनी धुतली जाते. यातल्या एकेका उपायाने फार फरक पडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. दोन-चार गोष्टी एकत्र आणि नेमाने केल्या तरच काही हाती लागतं. हवा शुद्ध करणारं महागडं यंत्र मी घेतलं नाही. गादीतला जड कण हवेत तरंगत त्या यंत्रापर्यंत जातोच कशाला?

तुमची वही वेगळं काही सांगेल. भिंतीला ओल, कपाटामागे काळे ठिपके आणि पावसाळ्यात त्रास, असा मेळ बसला तर बुरशीवर संशय घ्या. तिथं रंगाचा नवा हात देऊन उपयोग नाही, गळती बंद करावी लागते. झुरळांची विष्ठा आणि अंगाचा चुरा हेही मोठं कारण आहे, आणि शहरातल्या दाटीवाटीच्या घरांत ते हमखास सुटून जातं. मांजराच्या बाबतीत दोष केसांवर येतो, पण त्रास देतात ती तिच्या लाळेतली आणि कातडीतली प्रथिनं. ती इतकी हलकी असतात, की मांजर घरातून गेल्यावरही कित्येक महिने मागे राहतात.

घराबाहेर त्रास होत असेल तर ऋतू पाहा. परागकणांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. माणसं झेंडू-गुलाबाला घाबरतात. रंगीत, वासाची फुलं किड्यांना बोलावतात. त्यांचे परागकण जड, चिकट असतात आणि फारसे उडत नाहीत. उडतात ते ज्यांच्या फुलांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्यांचे, म्हणजे गवतांचे. पाऊस ओसरता ओसरता, भाद्रपद-अश्विनात, माळरानं तुऱ्यांनी डोलतात तेव्हा नाकं वाहू लागतात. आणि मग गाजर गवत. भारतात त्याची नोंद १९५६ मध्ये झाली ती पुण्यात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात; डोक्यावर पांढऱ्या टोप्या म्हणून काँग्रेस गवत. एका रोपाला हजारो बिया धरतात. रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर, रेल्वेच्या कडेने ते पाऊस पडल्यापासून हिवाळ्यापर्यंत फुलत राहतं. त्याच्या स्पर्शाने अंगाला गजकर्णासारखी खाज येते आणि परागाने नाक धरतं. उपटायचंच असेल तर फुलं धरण्याआधी, हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून.

शेतकऱ्याची ॲलर्जी तर आपण खिजगणतीतही धरत नाही. मळणीयंत्रापुढे उभा राहणारा माणूस संध्याकाळी शिंकतो, खोकतो, आणि 'भुसा गेला' म्हणून गूळ खाऊन झोपतो. सोयाबीनच्या टरफलाची धूळ काय करू शकते याचा दाखला बार्सिलोनात आहे. १९८० च्या दशकात तिथं मधूनच एखाद्या दिवशी दम्याचे रुग्ण झुंडीने दवाखान्यात येत. शोध घेतला तेव्हा कळलं, की ज्या दिवशी बंदरात सोयाबीन उतरवलं जाई त्या दिवशी हे होतं. कोठाराला गाळणी नव्हती. गाळणी बसवली आणि साथ थांबली. मराठवाड्या-विदर्भात दसरा-दिवाळीच्या सुमारास हीच धूळ माणसांच्या नाकापासून हातभर अंतरावर उडते. नीट बसणारा मास्क आणि वाऱ्याकडे पाठ, एवढं तरी करता येतं.

उदबत्ती, अत्तर, रंगाचा वास, मिरचीच्या फोडणीचा ठसका, एसीचा गार झोत: यांनीही शिंका येतात, पण ही ॲलर्जी नव्हे. इथं फोटो नाही, आयजीई नाही. वास-धूर नुसता चिडवतो. आधीच सुजलेलं नाक लवकर चिडतं, एवढाच संबंध. आणि केळी, दही, भात बिचारे बहुतेक वेळा निर्दोष असतात. नुसत्या नाकाच्या तक्रारीमागे खाण्याची ॲलर्जी क्वचितच निघते. मी बारा वर्षं सीताफळ खाल्लं नाही, ते उगाच.

औषध शिंकेच्या आधी

आता मुद्द्याचं. आपल्यापैकी बहुतेक जण ॲलर्जीवर उपचार करतात ते आग लागल्यावर विहीर खणायला घ्यावी तसे. शिंका सुरू झाल्या की गोळी, थांबल्या की विसरलो. वॉचमनने शिट्टी वाजवल्यावर त्याच्या तोंडावर हात ठेवायचा, असा हा प्रकार.

गोळी शिट्टी दाबते. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही हिस्टमिनला अडवणारी औषधं. शिंका, खाज, गळणं यांवर ती छान चालतात, चोंदलेल्या नाकावर फारशी नाही. सेटिरिझिनने काहींना झापड येते, म्हणून ती रात्री घेतात. फेक्सोफेनाडिन संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर कमी शोषली जाते, ती साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. मेडिकलमध्ये 'सर्दीची द्या' म्हटल्यावर जी मिश्र गोळी हातात पडते तिच्यात बहुधा क्लोरफेनिरामिन असतं, जुनं आणि चांगलं गुंगी आणणारं. ती घेऊन दुचाकी चालवू नये. लहानांच्या बाबतीत तर जपूनच: क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात सांगितलं. लेव्होसेटिरिझिनबरोबर जोडून येणारं माँटेलुकास्ट अनेक जण महिनोन्महिने घेत असतात. त्याने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असे मनाचे त्रास होऊ शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. मूल अचानक रडवं झालं, झोपेतून दचकून उठू लागलं तर डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं जरूर सांगावं.

चोंदलेलं नाक आणि रोजचा त्रास यांवर खरं काम करतो तो नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, बुडेसोनाइड. तो दुसऱ्या अंकातली सूज उतरवतो आणि गेटवरची माणसंच कमी करतो. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे घरभर धस्स होतं. म्हणून हिशेब मांडतो. फ्लुटिकासोनच्या एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. दोन्हीकडे दोन-दोन म्हणजे दिवसाला २००. प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५,००० मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात फिरते. औषधं वेगळी, ताकद वेगळी, त्यामुळे तुलना ढोबळच. पण फवाऱ्यातलं औषध बहुतांशी नाकातच राहतं आणि रक्तात फार थोडं उतरतं, हे महत्त्वाचं. त्रास होतो तो नाक कोरडं पडण्याचा, कधी रक्ताचा ठिपका येण्याचा. मुलांमध्ये कमीत कमी मात्रा ठेवून डॉक्टर उंचीवर नजर ठेवतात.

फवारा 'चालत नाही' अशी तक्रार करणाऱ्या माणसांना तो मारून दाखवायला सांगा. मीही चार वर्षं चुकीचा मारला. मान मागे टाकायची, नळी सरळ वर घालायची, दाबायचं आणि जोरात 'सूंऽऽ' करून ओढायचं. औषध नाकातून थेट घशात आणि घशातून पोटात. खरी रीत अशी: आधी नाक शिंकरून मोकळं करा. बाटली हलवा. मान किंचित खाली. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत. असं केलं की नळीचं तोंड आपोआप डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे वळतं आणि मधल्या पडद्यावर मारा होत नाही. दाबताना श्वास हळू, फुलाचा वास घ्यावा इतकाच. नंतर लगेच शिंकरू नका. घशात कडवट चव उतरली तर समजा, नेम चुकला.

पहिल्या दिवशी फारसा फरक नसतो. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे रोज मारावा लागतो. इथंच लोक तिसऱ्या दिवशी सोडून देतात. ज्यांचा त्रास ठरलेल्या ऋतूत येतो त्यांनी तो ऋतू लागण्याच्या थोडं आधीच डॉक्टरांना विचारून सुरुवात केली, तर शिंकांचा हंगाम बराच सौम्य जातो. माझी बाटली दात घासायच्या ब्रशशेजारी असते. दुसरीकडे ठेवली की विसरतो.

फवाऱ्याच्या आधी जलनेती केली तर सोन्याहून पिवळं. लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे दीड सपाट चहाचा चमचा. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात क्वचित एक अमीबा असतो. तो प्यायल्याने काही होत नाही, पण नाकावाटे वर चढला तर मेंदूपर्यंत जातो आणि मग माणूस सहसा हाती लागत नाही. केरळात अलीकडे तळ्यात आंघोळ केलेल्यांना झालेला आजार याच जातीतला. भांडंही धुऊन कोरडं ठेवायचं. वाफारा घेतला तर बरं वाटतं, हरकत नाही, पण ॲलर्जी त्याने हलत नाही. आणि लहान मुलाला उकळत्या पातेल्यावर धरणं सोडाच, पातेलं उलटून भाजलेली मुलं दवाखान्यांना नवीन नाहीत.

दोन गोष्टींपासून दूर राहा. एक, नाक ताबडतोब मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. तीन ते पाच दिवस ठीक. त्यापुढे नाकाला त्यांचं व्यसन लागतं, थेंब उतरले की नाक पूर्वीपेक्षा घट्ट बंद, मग पुन्हा थेंब. उशीखाली ती बाटली ठेवून दहा-दहा वर्षं झोपणारी माणसं आहेत. दोन, 'एक इंजेक्शन, सीझनभर सुटका.' हे बहुधा लांब काळ राहणारं स्टेरॉइड असतं. सुटका खरंच होते, आणि म्हणूनच माणूस पुन्हा तिथंच जातो. साखर वाढणं, रक्तदाब, हाडं ठिसूळ होणं ही बिलं मागाहून येतात. ज्या पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही, तीही याच रांगेत.

तपासणी आणि लांबचा रस्ता

वही आणि औषधं यांवर बहुतेकांचं भागतं. भागलं नाही, किंवा नेमकं कारण हवं असलं, तर त्वचेवरची टोचणी चाचणी करतात: हातावर वेगवेगळे थेंब, प्रत्येकातून हलकी टोच, आणि पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांधी उठते का ते पाहायचं. आधी आठवडाभर हिस्टमिनविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर काहीच उठत नाही. रक्तातूनही विशिष्ट आयजीई मोजता येतं. पण नुसतं 'एकूण आयजीई' वाढलं म्हणून ॲलर्जी ठरत नाही. पोटात जंत असले तरी ते वाढतं. आणि दोनशे पदार्थांची यादी देणारे जे महाग पॅकेज असतात त्यांचा कागद घेऊन जेवण बंद करू नका. चाचणी सकारात्मक येणं आणि त्या गोष्टीने त्रास होणं यात अंतर आहे. ते अंतर वही भरून काढते.

कारण पक्कं कळलं, औषधांनी पुरेसं भागत नसलं, तर लसीचा मार्ग आहे. लंडनच्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये गवताच्या परागाचा अर्क थोडा थोडा टोचून पाहिला. तत्त्व आजही तेच. दूधवाल्याची वॉचमनशी रोज थोडी थोडी ओळख करून द्यायची. इंजेक्शनं किंवा जिभेखालचे थेंब-गोळ्या, किमान तीन वर्षं. इंजेक्शन दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास तिथंच बसायचं, कारण क्वचित अंगभर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. दम काढणारं काम आहे, पण मूळ खोड बदलू पाहणारा उपाय सध्या हाच.

धाप लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, पहाटे खोकल्याने जाग येत असेल तर नाकावर थांबू नका. नाक आणि फुप्फुसं एकाच नळीची दोन टोकं आहेत. दम्याच्या बहुतेक रुग्णांना नाकाचाही त्रास असतो आणि नाक आवरलं की दमाही आवरायला सोपा जातो. एकाच बाजूने सतत बंद, एकाच बाजूने रक्त, किंवा लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास, हे ॲलर्जीचं काम नव्हे. शेवटच्या प्रकारात आत बहुधा शेंगदाणा, मणी किंवा खोडरबराचा तुकडा निघतो.

माझ्या शिंका आता सकाळी दोन-तीन. शिंका मोजणाऱ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याने मामाचं नाक घेतलंय. परवा दिवाळीची साफसफाई झाल्यावर तिचा फोन आला. तिने त्याची वही केली आहे, तीन रकान्यांची. रविवारच्या ओळीत लिहिलंय: सकाळी अकरा, पोटमाळा, आजीची ट्रंक, डोळे आणि टाळू.